अकरावी फिजिक्सची सुरुवात: पहिले पंधरा दिवस धडा नको, मोजमाप हवं

प्रश्न विचारणाऱ्या मॅडम एम.एस्सी., बी.एड. करून नुकत्याच पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रुजू झाल्या आहेत. अकरावी सायन्सची तुकडी आहे, मुलं ऐंशीच्या घरात. निम्मी जेईई-नीटचे क्लास लावून आलेली आणि काहीही शिकवायला घेतलं की 'हे आमचं झालंय' म्हणणारी. उरलेल्यांत बरीच मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातली, वर्गात तोंड न उघडणारी. प्रवेशाच्या फेऱ्या अजून चालू असल्यामुळे दर आठवड्याला नवे चेहरे येतात. विभागप्रमुखांनी पहिल्याच बैठकीत पोर्शन वेळेत संपवण्याची आठवण करून दिली आहे. अशात पहिला दिवस आणि पहिला महिना कसा आखावा, आणि पहिली घटक चाचणी कशी घ्यावी, असं त्या विचारतात.

मी थेट सांगते. पहिले पंधरा दिवस पुस्तकातला पहिला धडा पुस्तकाच्या क्रमाने शिकवू नका. वर्गात दोरा आणि लोखंडी नट घेऊन जा आणि मुलांना मोजायला लावा. आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं, आकडा जसा आला तसा शाईने लिहायचा आणि तो कितपत भरवशाचा आहे हे त्याच्या शेजारी लिहायचं. वर्षाच्या सुरुवातीला एवढी एकच सवय लावायची आहे. ही सवय लागली की 'झालंय' म्हणणारी मुलं आणि गप्प बसणारी मुलं एकाच कामाला लागतात. ती लागली नाही, तर मार्चपर्यंत तुम्ही सूत्रं सांगत राहाल आणि मुलं ती उतरवून घेत राहतील.

पहिला तास ओळखपरेडीत घालवू नका. दहावीचे टक्के तर अजिबात विचारू नका, कारण वर्गात कोण वरचं आणि कोण खालचं हे तिथल्या तिथे ठरून जातं आणि पुढे वर्षभर ते मोडत नाही. हजेरी घ्या आणि लगेच टेबलावर लोलक टांगा. एक मीटर दोरा, खाली जड नट. बोहरी आळीत वेगवेगळ्या मापांचे नट सुट्टे मिळतात. दहा-बारा गटांना पुरतील एवढे घेतले तरी फार खर्च होत नाही, आणि ते वर्षानुवर्षं टिकतात.

आता फळ्यावर तीन प्रश्न लिहा. नट जास्त जड लावला, तर एका आंदोलनाला, म्हणजे झोका जाऊन परत यायला, लागणारा वेळ वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? जास्त लांब ओढून सोडला, तर? दोरा दुप्पट लांब केला, तर वेळही दुप्पट होईल का? प्रत्येकाने उत्तर वहीत लिहायचं, शेजाऱ्याला न विचारता. मग हात वर करून मोजणी करा आणि कोणत्या पर्यायाला किती मतं पडली ते फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवा. तो कोपरा तास संपेपर्यंत पुसायचा नाही.

क्लासमध्ये धडा झालेली मुलं पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरोबर देतात. वस्तुमानाने फरक पडत नाही, दोरा दुप्पट केला तर वेळ साधारण १.४१ पट होतो. दुसऱ्या प्रश्नालाही ती ठामपणे 'फरक पडत नाही' म्हणतात. मग त्यांच्यापैकीच एकाला पुढे बोलवा आणि नट ६० अंशांपर्यंत ओढून सोडायला सांगा. पहिली दहा आंदोलनंच मोजायची, कारण पुढे झोका लहान होत जातो. लहान झोक्याला एक मीटरच्या लोलकाची दहा आंदोलनं २०.१ सेकंदांत होतात. इथे २१च्या पुढे वेळ येतो. पुन्हा मोजा म्हणा. पुन्हा २१च्या पुढेच येतो. 'सूत्र लहान कोनासाठी आहे' हे वाक्य या मुलांनी पाठ केलेलं असतं, त्याचा अर्थ त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा लागतो. तुम्ही त्यांना खोटं पाडलेलं नसतं, त्यांनी स्वतः मोजलेलं असतं. 'झालंय' या शब्दाला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. क्लासवाल्यांशी वेगाच्या किंवा डीपीपीच्या (रोजच्या सरावप्रश्नांच्या) स्पर्धेत उतरू नका. तिथे गणितांचा सराव होतो आणि तो मुलांना हवाच असतो. दोरा हातात धरून मोजायचं काम मात्र कॉलेजातच होऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी गट पाडा. प्रत्येक गटाला दोरा, नट, मीटरपट्टी आणि घड्याळ द्या. लॅबमधली स्टॉपवॉच पुरत नसतील, तर हातावरची घड्याळं चालतात, आणि कॉलेजची परवानगी असेल तर मोबाइलही. काम एकच: दोऱ्याची लांबी एक मीटर ठेवून वीस आंदोलनांचा वेळ मोजा आणि त्यावरून जीची, म्हणजे गुरुत्वत्वरणाची, किंमत काढा. सूत्र फळ्यावर लिहून द्या, ते आत्ता सिद्ध करायची गरज नाही. गट लॅबमध्ये, व्हरांड्यात, दाराच्या चौकटीपाशी पांगू द्या. गोंगाट होईल, पण तो कामाचा असेल.

आता मजेचा भाग येतो, कारण प्रत्येक चुकीचा आकडा आपली चूक स्वतः सांगतो. एखाद्या गटाचं उत्तर १०.८ आलं, की समजा त्यांनी नट सोडताना 'एक' म्हटलंय. मोजणी शून्यापासून सुरू करायला हवी होती. 'एक'पासून सुरू केली की एकोणीसच आंदोलनं होतात, वेळ ४० ऐवजी ३८ सेकंदांच्या आसपास येतो आणि जी फुगतो. उत्तर ९.६च्या जवळ आलं, तर बहुतेक वेळा लांबी नटाच्या वरच्या कडेपर्यंत मोजलेली असते, मध्यापर्यंत नाही. तीन सेंटिमीटर उंचीच्या नटात दीड सेंटिमीटर सुटून जातो. उत्तर ९.५च्याही खाली गेलं, तर झोका तीस अंशांच्या आसपास मोठा घेतलेला असतो. ही तीन निदानं तुम्ही लगेच सांगू नका. गटाला म्हणा, 'तुमचा जी जास्त का आला असेल, पुन्हा करून दाखवा'. नट सोडताना कुणीतरी मोठ्याने 'एक' म्हणतं आणि बाकीचे एकदम त्याच्याकडे बघतात. हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे आणि आजही ते बघायला मला तितकंच आवडतं.

एक जपायची गोष्ट. फळ्यावर सगळ्या गटांचे आकडे लिहायला घेतले, की काही मुलं हळूच आपली आकडेवारी खोडून ९.८ करतात. पुस्तकात ९.८ आहे, मग आपलं ९.६ चूक, असा त्यांचा हिशेब असतो. यात मुलांची लबाडी नसते. आठवी-नववीपासून 'बरोबर उत्तर' आणण्याचीच शाबासकी मिळालेली असते. म्हणून पहिल्या दिवसापासून एक नियम करा आणि तो कधीही सैल करू नका: वाचन शाईने लिहायचं, चुकलं तर त्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी का खोडलं ते चार शब्दांत लिहायचं. पेन्सिल आणि खोडरबर फक्त आकृत्यांना. मागच्या वर्षीच्या मुलाची जर्नल आणून उतरवण्याची जी चाल आहे, तिचं मूळ मला या खोडरबरात दिसतं. प्रामाणिक ९.६ला पूर्ण गुण आणि कोरीव ९.८ला प्रश्न, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात करून दाखवलंत, तर मुलांना ते कळतं आणि ती ते पाळतात.

मग विचारा, ९.७ आलेला गट आणि ९.८ आलेला गट यांच्यात खरं कोण? इथे पहिला धडा आपोआप उघडतो. घड्याळ चालू-बंद करताना हाताची चूक साधारण ०.२ सेकंद धरा. ४० सेकंदांत ती अर्धा टक्का. लांबीत एक मिलिमीटरची चूक म्हणजे ०.१ टक्का. जीच्या सूत्रात वेळेचा वर्ग आहे म्हणून वेळेची चूक दुप्पट धरायची: १ अधिक ०.१, एकूण १.१ टक्के. म्हणजे जीमध्ये ०.१ची अनिश्चितता आहेच, तेव्हा ९.७ आणि ९.८ यांच्यात भांडण नाही. आता पुढचा प्रश्न: वीसऐवजी एकच आंदोलन मोजलं असतं तर? दोन सेकंदांत ०.२ची चूक, म्हणजे वेळेत दहा टक्के आणि जीमध्ये वीस. वीस आंदोलनं का मोजायची हे यानंतर कुणाला सांगावं लागत नाही. पुण्यात जीची किंमत ९.७८च्या जवळपास आहे, कारण आपण विषुववृत्तापासून साडेअठरा अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहोत. पण हा दुसऱ्या दशांशातला फरक आपल्या दोऱ्याला दिसणार नाही, हेही मुलांकडूनच काढून घ्या. सार्थ अंक, म्हणजे आकड्यातले भरवशाचे अंक, शिकवायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. कॅल्क्युलेटरवर ९.७३९४१६ आलं, तर त्यातले किती अंक लिहायचे? हा प्रश्न आता नियम पाठ करण्याचा राहिलेला नसतो.

एककं आणि मितीही इथेच घ्या. मिती विश्लेषणाने, म्हणजे दोन्ही बाजूंची एककं जुळवून, लोलकाच्या सूत्राचा साचा काढून दाखवा आणि २π हा गुणक त्यातून मिळत नाही हे मोकळेपणाने सांगा. एककांचं महत्त्व पटवायला १९९९ सालचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान पुरेसं आहे. एका बाजूच्या संगणक प्रणालीने आवेग (बळ गुणिले वेळ) पौंड-बल सेकंदांत दिला, दुसऱ्या बाजूने तो न्यूटन-सेकंद समजून वापरला, आणि यान मंगळाजवळ हरवलं. किलोग्रॅमची व्याख्या २० मे २०१९पासून धातूच्या ठोकळ्यावर नाही, प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, उभी आहे, हेही सांगा. आमचं अकरावीचं पुस्तकही २०१९चंच. मुलांना हा योगायोग आवडतो. यापलीकडे पहिल्या धड्यावर वेळ घालवू नका.

गणिताकडे मात्र थांबून बघा, कारण फिजिक्समधली बरीच मुलं फिजिक्समुळे अडत नाहीत. पहिल्या आठवड्यात गुण न देता एक छोटी चाचणी घ्या, नावही ऐच्छिक ठेवा: ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर, दहाच्या घातांकांचे दोन गुणाकार, लोलकाच्या सूत्रातून जी एकटा एका बाजूला आणा, आणि चार बिंदूंचा आलेख. नव्वद टक्के मिळवून आलेली मुलंही तिसऱ्या प्रश्नाला वर्गमूळ कुठे न्यायचं यावर अडखळतात. त्यावर एक पूर्ण तास द्या. तो वाया जात नाही.

आणखी एक अडचण वेळापत्रकातच आहे. आपल्या पुस्तकातला दुसरा धडा सदिश (दिशा असलेल्या राशी) आणि कलनाचा. आपल्याला विकलन, म्हणजे बदलाचा दर काढण्याचं गणित, सुरुवातीलाच लागतं. गणिताच्या पुस्तकात ते दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी, म्हणजे वर्ष सरत आल्यावर येतं. शिवाय वर्गात बायॉलॉजी घेऊन गणित सोडलेली मुलं असतात, त्यांना ते कधीच येणार नाही. म्हणून नियमांनी सुरुवात करू नका, आलेखाने करा. दोन मीटरची ॲल्युमिनियमची पन्हळ घ्या, एक टोक तीनेक सेंटिमीटर उचला आणि गोटी सोडा. ती खाली यायला सहा-सात सेकंद घेते. एक मुलगी सेकंद मोजते, दोघं खडूने गोटीची जागा खुणावतात. पहिल्या सेकंदात जेवढं अंतर, त्याच्या सुमारे तिप्पट दुसऱ्यात, पाचपट तिसऱ्यात. गॅलिलिओने उताराचा हाच प्रयोग केला होता आणि वेळ मोजायला भांड्यातून पडणारं पाणी तोललं होतं. खडूच्या खुणांवरून अंतर-वेळ आलेख काढा, वक्रावर एका बिंदूपाशी पट्टी लावून स्पर्शिका काढा आणि तिचा चढ मोजा. तो त्या क्षणाचा वेग. यानंतर डीएक्स बाय डीटी लिहिलं, तर ती आधीच मोजून ठेवलेल्या गोष्टीची खूण होते. गणिताच्या सरांशीही एकदा स्टाफरूममध्ये बसून बोला. बरेच जण आनंदाने दोन तास आधी देतात.

लोलकाचा आलेखही काढून घ्या. ४०, ६०, ८० आणि १०० सेंटिमीटर लांबीला वेळ मोजा. लांबी विरुद्ध वेळ वक्र येतो, लांबी विरुद्ध वेळेचा वर्ग सरळ रेषा येते, आणि तिचा चढ चारच्या किंचित वर. सरळ रेषा मिळवण्यासाठी अक्षावर काय घ्यायचं हा विचार मुलं इथे शिकली की बारावीच्या प्रॅक्टिकलपर्यंत तो कामी येतो.

आता ऐंशी मुलांच्या वर्गात बोलतं कोण? दोन-तीन क्लासवाली मुलं, दरवर्षी तीच. हे मोडायला मी हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी नव्वदच्या दशकात रूढ केलेली पद्धत वापरते. बहुपर्यायी प्रश्न फळ्यावर लिहायचा, एक मिनिट शांतता, मग सगळ्यांनी एकाच वेळी छातीजवळ बोटं धरून उत्तर दाखवायचं: एक, दोन, तीन किंवा चार. छातीजवळ अशासाठी, की मागच्याला पुढच्याचं दिसू नये. तिसेक ते सत्तर टक्के उत्तरं बरोबर असतील, तर तुम्ही काही बोलू नका. 'शेजाऱ्याला पटवा' म्हणा, दोन मिनिटं द्या आणि पुन्हा मत घ्या. तिसापेक्षा कमी असतील तर आधी थोडं शिकवा, सत्तरापेक्षा जास्त असतील तर पुढे चला.

यासाठी माझा सगळ्यात आवडता प्रश्न नाण्याचा आहे. नाणं सरळ वर उडवलं. हवेचा विरोध सोडून द्या. ते वर जात असताना, अगदी वरच्या बिंदूला आणि खाली येताना त्याच्यावर कोणती बळं आहेत, बाण काढा. तिन्ही ठिकाणी गुरुत्व बल एकच, खालच्या दिशेने, तेवढंच. वर्गातली बरीच मुलं, गणितात हुशार असलेलीसुद्धा, वर जाणाऱ्या नाण्यावर एक वरचा बाण काढतात आणि 'फेकलेलं बळ' असं लिहितात. वरच्या बिंदूला दोन बाण समान, म्हणून नाणं क्षणभर थांबलं, असं त्यांचं म्हणणं असतं. हा गोंधळ जगभर सारखाच आहे. हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी १९९२ साली बळाच्या कल्पना तपासणारी चाचणी प्रसिद्ध केली. सूत्रात किमती घालून गणित सोडवता येणाऱ्यांच्या मनातही गतीला बळ लागतं ही जुनी समजूत टिकून असते, हे तिच्यामुळे पुष्कळ शिक्षकांना आपल्याच वर्गात दिसलं. तुम्ही लगेच 'चूक' म्हणू नका. विचारा, हात सुटल्यावर ते बळ कोण लावतंय? नाव सांगा त्या वस्तूचं. मग विचारा, वरच्या बिंदूला एकूण बळ शून्य असेल, तर नाणं तिथेच का थांबत नाही? वर्ग शांत होतो आणि मग सगळे एकदम बोलायला लागतात. हा प्रश्न नववीत गतीचे नियम शिकून आलेल्या मुलांना विचारायचा आहे, चौथ्या धड्याची वाट पाहू नका. जुलैतच विचारा, सप्टेंबरमध्ये पुन्हा विचारा आणि दोन्ही वेळची मतमोजणी जपून ठेवा.

शेजाऱ्याला पटवायचं ते मराठीत चालेल, हे पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा. भोर, मुळशी, वेल्ह्याकडून आलेली, वसतिगृहात राहणारी मुलं इंग्रजी वाक्य जुळवण्याच्या धास्तीने गप्प असतात, विषय कळत नाही म्हणून नव्हे. बोलताना मराठी, वहीत आणि उत्तरपत्रिकेत इंग्रजी, आणि नव्या संज्ञांची यादी फळ्याच्या बाजूला. दिवाळीपर्यंत बहुतेकांची गाडी रुळावर येते. गट पाडताना मात्र शाळा आणि मैत्री बघून पडू देऊ नका, रोल नंबरच्या चिठ्ठ्या काढा. गटात कामंही फिरती ठेवा: एक मोजणारा, एक घड्याळवाला, एक लिहिणारा, एक शंका काढणारा. हे ठरवून दिलं नाही, तर मुलगे उपकरणं हाताळतात आणि मुली सुबक अक्षरात वाचनं लिहून घेतात. वर्षअखेरीस व्हर्निअर (बारीक मापं घेण्याचं उपकरण) नीट न धरता येणाऱ्या हुशार मुली मी पाहिल्या आहेत. त्यांचा काही दोष नव्हता, कुणी उपकरण त्यांच्या हातात दिलंच नव्हतं. दर प्रॅक्टिकलला कामं बदला आणि त्यावर स्वतः लक्ष ठेवा.

लॅबबद्दल. वर्ग सुरू व्हायच्या आधी लॅबमधल्या मामांबरोबर एक दुपार बसा. कपाटातल्या कोणत्या स्क्रू गेजचा (जाडी मोजायच्या उपकरणाचा) शून्य सरकलेला आहे, कोणता व्हर्निअर सैल आहे, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. शून्य सरकलेली उपकरणं फेकू नका, वेगळी ठेवा. शून्य त्रुटी शिकवायला तीच उपयोगी. पहिल्या प्रॅक्टिकलला २०११च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं मोजायला द्या. व्यास २२ मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि ज्याचा २१.५ किंवा २२.५ येतो त्याने शून्य पाहिलेलं नसतं. मग झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी स्क्रू गेजने, आणि तशाच पन्नास कागदांची साध्या पट्टीने. दोन्हीकडून ०.१ मिलिमीटरच्या आसपास उत्तर आलं की साध्या पट्टीबद्दलचा आदर वाढतो. एक सूचना, जी पुस्तकात सापडत नाही: स्थिर विद्युतचे प्रयोग पावसाळ्यात दाखवायला जाऊ नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत घासलेल्या पट्टीवरचा भार टिकत नाही, आणि न चालणारा प्रयोग मुलांच्या मनात नको ते ठसवून जातो. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत तोच प्रयोग पहिल्या झटक्यात होतो, आणि दहावा धडा तोवर येतोही.

घरी करायला गणितांच्या जोडीला एक काम द्या. कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या मध्याला दोरा आणि किल्ली. हे घेऊन मेट्रोत किंवा पीएमपीच्या बसमध्ये उभं राहायचं आणि गाडी सुटताना, ब्रेक लागताना दोरा किती अंश कलतो ते नोंदवायचं. कोनाचा टॅन गुणिले जी केलं, की गाडीचं त्वरण मिळतं. सहा अंश कलला, तर त्वरण एक मीटर प्रति सेकंद वर्गाच्या जवळ. वनाज-रामवाडी मार्गावर रोज येणारी मुलं हे उत्साहाने करतात, आणि बसमधला दोरा इतका हेलकावतो की वाचनच घेता येत नाही अशी तक्रार घेऊन येतात. ती तक्रार मोलाची असते. छद्म बल (वेग बदलणाऱ्या गाडीत बसलेल्याला जाणवणारं भासमान बळ) शिकवताना हीच पानं पुन्हा उघडायची.

विभागप्रमुखांना काय सांगायचं? एक पान करा: डावीकडे पुस्तकातले घटक, उजवीकडे ते कोणत्या तासाला कोणत्या कामातून झाले. मूलभूत एककं, मिती, त्रुटी, सार्थ अंक, आलेख, चढ, गतीची समीकरणं, बळाची कल्पना. पंधरा दिवसांत पहिला धडा जवळजवळ पूर्ण, दुसऱ्या-तिसऱ्याचा पाया आणि चौथ्याची सुरुवात झालेली दिसते. वेळ वाचवायचा तर पुढे वाचवा. विद्युतचुंबकीय तरंग आणि संदेशवहनाचा तेरावा धडा बराचसा वाचून घेण्यासारखा आहे. गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, ध्वनी आणि प्रकाशिकी यांत हात आखडता घेऊ नका. बारावीतली घूर्णन गती, आंदोलनं आणि तरंग त्यांच्यावरच उभी राहतात, आणि एमएचटी-सीईटीतही अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण वीस टक्के भार आहे. पालकसभेत हा वीस टक्क्यांचा मुद्दा सांगा, पालकांना तो लगेच समजतो.

उशिरा प्रवेश घेतलेल्या मुलांसाठी वेगळा वर्ग घेण्याचा घाट घालू नका. प्रत्येक नव्या मुलाला एक जोडीदार द्या. जोडीदाराने शनिवारी लॅबमध्ये लोलकाचा प्रयोग त्याच्याकडून करून घ्यायचा, स्वतः हात न लावता. शिकवणाऱ्याचाही धडा पक्का होतो.

पहिलं सत्र संपण्याआधी जमलं तर मुलांना विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत घेऊन जा, आधी परवानगी काढून. जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली ही संस्था आपल्या शहरात आहे आणि आपल्या मुलांपैकी कित्येकांनी तिचं फाटकही पाहिलेलं नसतं. तिथे फुकोचा, म्हणजे पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं दाखवणारा, लोलक आहे. पुण्याच्या अक्षांशावर त्याच्या झोक्याची दिशा तासाला पावणेपाच अंशांनी वळते आणि एक फेरा पुरा व्हायला साधारण ७५ तास लागतात. ध्रुवावर हेच एका दिवसात झालं असतं. मुलांनी हा आकडा जाण्याआधी काढून आणायचा आणि तिथे अर्धा तास थांबून ताडून बघायचा.

पहिल्या घटक चाचणीबद्दलही तुम्ही विचारलं आहे. पंचवीस गुणांपैकी वीस नेहमीच्या पद्धतीने ठेवा, मुलांना बोर्डाच्या पद्धतीची सवय हवीच. उरलेल्या पाच गुणांना एका काल्पनिक गटाची वाचनं द्या: स्प्रिंगला १००, २००, ३००, ४०० ग्रॅमची वजनं आणि तिचं वाढलेलं अंतर २.१, ४.०, ७.९, ८.१ सेंटिमीटर. आलेख काढायला सांगा, कोणतं वाचन संशयास्पद वाटतं ते विचारा, आणि ते खोडण्याआधी गटाने काय करायला हवं होतं हे दोन वाक्यांत लिहायला सांगा. 'तिसरं वाचन चुकलं, ६ हवं' एवढंच लिहिणाऱ्याला दोन गुण द्या. 'तिसरं वजन पुन्हा टांगून वाचन पुन्हा घ्यायला हवं' असं लिहिणाऱ्याला पाच. उत्तरपत्रिका परत देताना दोन्ही प्रकारची उत्तरं नावं न घेता वर्गात वाचून दाखवा आणि गुणांत फरक का केला ते सांगा.